किरकोळ म्हणजे कोणाला किरकोळ?

कापूस वेचताना हात चालतात तशी तोंडंही चालतात. ओळीनं सात-आठ जणी, प्रत्येकीच्या कमरेला जुन्या लुगड्याची झोळी, आणि ऊन डोक्यावर आलं की वेळ निघावा म्हणून काही ना काही विषय निघतो. यंदा दिवाळीनंतरच्या वेचणीत आमच्या वावरात एकच विषय चार दिवस पुरला. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. करणारी एक पोरगी चार पैसे होतील म्हणून सुटीत वेचायला आली होती. तिनं विचारलं, "समजा एक दिवस तुमचं सरकार आलं. एकाच गोष्टीवर बंदी घालता येते. तं कायच्यावर घालसान?"

सुरुवातीची उत्तरं हसण्यावारी गेली. एकीनं नवऱ्याच्या घोरण्यावर बंदी घातली, दुसरीनं सासूच्या टोमण्यांवर. मग हळूहळू खरी उत्तरं यायला लागली. "लगनात माइकवर पाहुण्यायचे नावं पुकारत राह्यतेत, त्याच्यावर." "एसटीत मोबाइल जोरात वाजवतेत, त्याच्यावर." "माह्या घराच्या भिताडावर खर्रा थुकतेत, त्याच्यावर." बांधाकडच्या ओळीत एक आजी होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग झोळी सावरत म्हणाली, "ते 'उद्या या' म्हंतेत ना, त्याच्यावर बंदी घाला वो माय."

त्यानंतर कोणी हसलं नाही.

मी आमच्या ग्रामपंचायतीची सदस्य आहे. घरी आल्यावर ती सगळी उत्तरं मी वहीत लिहून काढली. रात्री यांना सांगितलं, आणि यांनी दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर हाच प्रश्न टाकला. तिथली यादी वेगळी निघाली. कर्ज घ्या म्हणून येणारे फोन, समोरच्या गाडीचा डोळ्यांवर येणारा लाइट, रस्त्यात बसलेली ढोरं, नको तिथले गतिरोधक. सगळे त्रास खरेच. पण खर्ऱ्याच्या, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूच्या, पिचकारीचं नाव तिथे एकानंही घेतलं नाही, कारण भिंत धुवायची वेळ त्यांच्यावर येत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, ही म्हण आपण मोठ्या दुःखासाठी वापरतो. मला ती लहान त्रासाला जास्त लागू वाटते. मोठं दुःख निदान चारचौघांना दिसतं तरी.

या त्रासांना आपण 'किरकोळ' म्हणतो. बाजारात किरकोळ आणि ठोक असे दोन भाव असतात, तसंच इथेही आहे. थुंकणारा किरकोळीत थुंकतो, धुणारीला ते ठोकात मिळतं. एकाचं एक गाणं, एकाची एक प्लास्टिकची पन्नी, एकाचं एक 'उद्या या'. देणाऱ्याच्या हिशेबात ती गोष्ट एकदाच घडते, आणि घेणाऱ्याच्या वाट्याला रोज येते. म्हणून माझं म्हणणं असं आहे की या गोष्टी ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आल्या पाहिजेत. शेवटच्या 'आयत्या वेळचे विषय' मध्ये नाही, तर क्रमांक घालून.

हे मी पहिल्यांदा मासिक सभेत बोलले तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी मला शांतपणे विचारलं, "वैनी, कापसाले भाव नाही, विम्याचे पैसे आले नाही, अन् आपण थुकण्यावर बोलाव काय?" प्रश्न रास्त होता आणि त्यामागे कळकळ होती, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल जाहीर झाला, आणि त्याच वर्षी ऑगस्टात कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ झालं. त्यावर आमच्याकडे दोन तास चर्चा झाली. व्हायलाच हवी होती, माझ्याही घरात तोच कापूस पडलेला आहे. पण तो निर्णय दिल्लीत होतो. आपण ठराव करतो, कागद वर पाठवतो आणि वाट पाहतो. अंगणवाडीच्या भिंतीवरची पिचकारी मात्र दिल्लीहून आलेली नाही, आणि तिच्यासाठी कोणाची वाट पाहायचीही गरज नाही. मोठ्या प्रश्नाच्या आडोशाला लहान प्रश्न लपवणं मला पटत नाही. पन्नास वर्षं आपण तेच करत आलो, आणि मोठा प्रश्नही सुटला नाही.

बंदी हा शब्द आम्हा विदर्भातल्या बायांना नवा नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, वर्ध्यात त्याच्याही आधीपासून. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला झाली. त्या बंदीसाठी बाया चालत नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर गेल्या होत्या. त्यांनाही आधी काय ऐकावं लागलं असेल ते कोणत्याही बाईला सांगावं लागणार नाही: घरातली कुरबूर आहे, घरात मिटवा. पुढे २०२१ मध्ये ती बंदी उठली. अवैध दारू वाढली, महसूल बुडाला, अशी कारणं पुढे आली. त्या निर्णयाबद्दल मतं वेगवेगळी आहेत. मला त्यातून एवढं कळलं की वरून आलेली बंदी वरूनच निघूनही जाते. ती गावाच्या अंगी लागली होती का, हे कोणी तपासत नाही.

गुटख्याचंही तसंच. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, नंतर सुगंधित तंबाखू आणि सुपारीही तिच्यात आली. अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली दरवर्षी नवा आदेश निघतो. पण आमच्या भागात गुटख्यापेक्षा खर्रा मोठा. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून पाटीवर घोटायचा, गाठ मारून खिशात टाकायचा. ठेल्यावर माणूस उभा राहिला की तो घोटण्याचा आवाज येतोच. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडाचं काय होतं ते डॉक्टर सांगतात. ज्यांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, भाकर दुधात कुस्करून खावी लागते, अशी चाळिशीतली माणसं आमच्या गावात आहेत. तो आजार किरकोळ नाही, आणि त्यावर वेगळं बोललं पाहिजे. इथे मी फक्त त्या भागाबद्दल बोलते आहे जो दुसऱ्याच्या वाट्याला येतो.

तो भाग दोन तुकड्यांत येतो. एक पिचकारी, दुसरी पन्नी. पिचकारी कुठे असते ते गावात फिरून पाहा. सरपंचाच्या घराच्या भिंतीवर नसते. देवळाच्या गाभाऱ्याजवळ नसते. म्हणजे थुंकणाऱ्याला आवरता येतं, कुठे थुंकू नये याचं भान त्याला असतं. ती असते अंगणवाडीच्या कोपऱ्यावर, एसटीच्या थांब्यावर, दवाखान्याच्या जिन्यात, आणि गल्लीच्या तोंडाशी घर असलेल्या त्या बाईच्या भिंतीवर, जिचा नवरा वारला आहे आणि जी कोणाशी भांडायला जाणार नाही. मला हे फार बोचतं. आपण ज्याला वाईट सवय म्हणतो तिला माणसाची किंमत बरोबर कळते.

पन्नीचं काम आणखी सोपं व्हायला हवं होतं. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तरी खर्ऱ्याची पन्नी सुटली नाही. नाल्यात तीच, शेणात तीच, ढोराच्या पोटातही तीच. मी ठेलेवाल्या भाऊंशी बोलले. ते म्हणाले, कागदात दिला तर चुना ओला होतो, गिऱ्हाईक दुसऱ्या ठेल्यावर जाते. खरं आहे त्यांचं. एकट्या ठेल्यानं सोडून उपयोग नाही, गावातल्या चारही ठेल्यांनी एकाच दिवशी सोडलं तर कोणाचंच गिऱ्हाईक जात नाही. एकट्याला जे परवडत नाही ते सगळ्यांनी मिळून केलं की परवडतं, आणि ठराव लागतो तो यासाठीच. खाणाऱ्यावर बंदी आणायची माझी तयारी नाही. ती आमच्यानं पाळली जाणार नाही, आणि न पाळलेल्या बंदीनं पुढची बंदीही पोकळ होते. पण ठेल्यासमोर डबा, पन्नी बंद, आणि सार्वजनिक भिंतीवर थुंकला तर ज्यानं थुंकलं त्यानंच पाणी आणून धुवायचं. पैशाचा दंड नको. पैसे देऊन माणूस मोकळा होतो आणि भिंत पुन्हा बाईलाच धुवावी लागते.

लग्नाच्या डीजेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे बंदीचा खरा उपयोग कोणाला होतो हे मला उशिरा कळलं.

नियम जुने आहेत आणि स्पष्ट आहेत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. हे आमच्या गावात कोणाला माहीत नाही असं नाही. पण वरात निघाली की हनुमानाच्या पारापासून मांडवापर्यंतच्या चारशे पावलांना दोन तास लागतात. पत्रिकेवर मुहूर्त सायंकाळी ६ वाजून ३५ मिनिटांचा, आणि अक्षता पडतात साडेनवाला. त्यानंतर माइकवर आलेल्या पुढाऱ्यांची नावं, मग त्यांचे आशीर्वाद, मग सत्कार, मग जेवण.

हे तीन तास कोण सोसतं ते पाहा. ज्याच्याकडे मोटरसायकल आहे तो पाराजवळ गप्पा मारत थांबतो. जी बाई चार कोसांवरून एसटीनं आली आहे, तिची शेवटची गाडी साडेसातला असते. ती आहेराचं पाकीट देते, नवरीला डोळे भरून पाहते आणि न जेवता निघते. मी स्वतः अशा दोन जणींना फाट्यापर्यंत सोडायला गेले आहे. सकाळी मजुरी बुडवून आलेल्या, खाडा करून आलेल्या बाया. मांडवात पाचशे माणसांचं जेवण आणि त्या उपाशी घरी. बाजूच्या गल्लीत दहावीची पोरगी गोधडीखाली डोकं घालून इतिहासाचं पुस्तक वाचते, कारण परीक्षा फेब्रुवारी-मार्चात आणि लग्नं तुळशीच्या लग्नापासून सुरू. छातीचा त्रास असलेल्या म्हाताऱ्यांना घरचे दोन दिवस लेकीच्या गावी नेऊन ठेवतात. उत्सवासाठी माणसाला आपलंच घर सोडावं लागतं, आणि आपण तिला किरकोळ गैरसोय म्हणतो.

पण मला उशिरा कळलेली गोष्ट वेगळीच. मागच्या उन्हाळ्यात एका नवरीचे वडील माझ्याकडे आले. तीन एकर कोरडवाहू, दोन पोरी. ते मला म्हणाले, "बाई, पुढच्या लगनाच्या आंधी तुमी तो डीजेचा ठराव कराच. मले डीजे नको आहे. पण मी नाही म्हटलं तं पाहुणे म्हणतीन, पैसे नव्हते. ठराव असला तं मी म्हणीन, काय करू बाप्पा, गावाचा ठराव आहे."

तोपर्यंत मी समजत होते की बंदी ही त्रास देणाऱ्याच्या विरुद्ध असते. त्या माणसानं मला दाखवलं की त्रास देणाऱ्यांतले निम्मे स्वतःच अडकलेले असतात. शेजाऱ्यानं एक गाडी आणली म्हणून हा दोन आणतो, हा दोन आणतो म्हणून तिसरा व्याजानं पैसे काढतो. कोणालाच नको असलेली गोष्ट सगळे मिळून करत असतात, कारण पहिल्यानं थांबायचं म्हणजे कमीपणा. ठराव त्या पहिल्याची लाज राखतो. गरीब बापाला नकार देता येत नाही, पण कारण सांगता येतं, आणि ते कारण त्याला पुरवणं हे मी ग्रामपंचायतीचं काम मानते. रस्ता आणि नळ पुरवतो, तसं हेही.

अर्थात नियम सगळ्यांना एक. लग्न असो, सप्ताह असो, जयंती असो, गणपती असो, उरूस असो. आवाजाच्या बंदीची चर्चा निघाली की गावातल्या काही लोकांना नेमकी चार घरांच्या वस्तीतली मिरवणूक आठवते आणि आपला पहाटेचा भोंगा आठवत नाही. ज्या दिवशी ठराव तसा वळेल त्या दिवशी त्याला विरोध करणारी पहिली मी असेन.

आता एसटी. इथे मी माझं मत बदललं आहे, तेही सांगते.

गाडी थांब्यावर लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, एकदा तर लहान पोरगंच आत टाकून जागा धरतात. रुमालाला जागा मिळते आणि काठीवर आलेली आजी दांडा धरून उभी राहते. खिडकीपर्यंत हात पोचायला उंची लागते, गाडीमागे धावायला पाय लागतात. कडेवर लेकरू असलेल्या बाईकडे दोन्ही नसतं. म्हणून रुमालावर बंदी, हे माझं पहिलं मत होतं. पण विचार केला की रुमाल आला कुठून? १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं, त्याच्या आदल्या वर्षी ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत झाला. दोन्ही निर्णय मोलाचे. ज्या बाया वर्षातून दोनदा माहेरी जात होत्या त्या आता महिन्यातून जातात, दवाखान्यात एकट्या जातात. माणसं वाढली, पण आमच्या मार्गावर फेऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या. शाळेच्या पोरींसाठीची मानव विकास योजनेची निळी गाडी आहे, तिच्यातही कोंबून माणसं. पन्नास जागांसाठी नव्वद माणसं असतील तर रुमाल टाकणारा उद्धट नसतो, तो घाबरलेला असतो. तिथे रुमालावर बंदी घालणं म्हणजे तापावर सोडून थर्मामीटरवर राग काढणं. तिथे ठराव हवा सकाळच्या दुसऱ्या फेरीचा, आणि त्यावर शंभर सह्या.

मोबाइलच्या आवाजाचं तसं नाही. गाडीत जागा कमी आहे म्हणून कोणी जोरात व्हिडिओ लावत नाही. पन्नास-साठ रुपयांची कानात घालायची वायर मिळते. मागच्या सिटावर एकाचं भाषण, पुढच्या सिटावर दुसऱ्याची विनोदाची चित्रफीत, मध्ये तापानं फणफणलेलं लेकरू. इथे टंचाई फक्त विचाराची आहे, आणि इथे कंडक्टरनं 'आवाज बंद करा' म्हटलं की सगळ्या गाडीनं त्याच्या बाजूनं बोललं पाहिजे. आपण गप्प बसतो. एकट्या कंडक्टरला वाईटपणा घ्यायला लावतो आणि उतरल्यावर गाडीला नावं ठेवतो. ही चूक माझ्याही हातून खूपदा झाली आहे.

टंचाईतून आलेला त्रास आणि बेपर्वाईतून आलेला त्रास, यांची गल्लत केली की बंदी गरिबावरच बसते. हातगाडी रस्त्यात उभी राहते, कारण तिला बाजारात ओटा नाही. बाई नळावर भांडते, कारण पाणी पाऊण तास येतं. त्यांच्यावर ठराव करणारं गाव मला नको आहे.

आजीच्या उत्तराकडे मी मुद्दाम शेवटी आले. 'उद्या या'.

ही आजी तीन वेळा तालुक्याला बँकेत गेली होती. तिच्या खात्यात पैसे होते, पण अंगठा लागत नव्हता. मशीनवर बोट ठेवलं की लाल दिवा. एकदा तिला सांगितलं, हात धुऊन या. एकदा सांगितलं, खोबरेल लावून या. तिसऱ्यांदा सर्व्हर बंद होता. तिसऱ्या खेपेला मी सोबत होते. काउंटरवरचा पोरगा वाईट नव्हता, त्याच्यामागे तीस माणसांची रांग होती. त्यानं वर न पाहता म्हटलं, "उद्या या." आजी काही बोलली नाही. तिनं पदरानं बोटं पुसली, पुन्हा पुन्हा पुसली, जणू चूक बोटांची होती.

कापूस वेचणाऱ्या बाईची बोटं पाहिलीत कधी? सुकलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत रोज हजारो बोंडांतून कापूस ओढायचा. बोटांची टोकं आधी फाटतात, मग टणक होतात, आणि चाळीस वर्षांनी त्यांच्यावरच्या रेषा पुसल्या जातात. ज्या कामानं देशाला कापूस दिला त्याच कामानं तिची ओळख पुसली. डोळ्यांवरून ओळख पटवायची सोय आधारमध्ये आहे, पण तिथे तसं यंत्र नव्हतं. आणि 'उद्या या' म्हणणाऱ्यासाठी तो दिवसातला चाळिसावा 'उद्या या' असतो. आजीसाठी तो एक खाडा, दोन वेळचं तिकीट, आणि आपल्यातच काहीतरी खोट आहे असं वाटत घरी येणं.

राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत द्यायची, नाकारायची असेल तर कारण लेखी द्यायचं, कसूर झाली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. हा कायदा राज्याच्या कार्यालयांना लागू आहे, बँकेला नाही. बँकेवर ग्रामसभा बंदी घालू शकत नाही हे मला समजतं. पण आमचं स्वतःचं कार्यालय आहे. घराच्या नोंदीचा नमुना ८ चा उतारा, जन्माची नोंद, विवाह नोंदणी, यासाठी आमच्याकडेही माणसं दोन-दोन चकरा मारतात. सुरुवात तिथून. 'उद्या या' तोंडी म्हणायचं नाही. काम झालं नाही तर चिठ्ठी द्यायची: आज अमुक तारखेला आल्या होत्या, अमुक कारणानं काम झालं नाही, अमुक दिवशी होईल, खाली सही. पाच ओळींची चिठ्ठी. तिच्यामुळे सर्व्हर सुरू होणार नाही. पण खोट बोटांची नव्हती हे तिच्या हातात लेखी राहील. आमच्याकडे ही चिठ्ठी सुरू झाली की तीच मागणी तालुक्याला घेऊन जायला आमचं तोंड उजळ राहील.

गावांच्या अशा ठरावांच्या बातम्या अलीकडे बऱ्याच येतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सौंदाळा गावानं २०२४ मध्ये शिव्यांवर बंदी घातली, दंड ५०० रुपये. बऱ्याच जणांना ती बातमी गमतीची वाटली. मला नाही वाटली. भांडण दोन पुरुषांचं आणि शिवी त्यांच्या आई-बहिणीच्या नावानं, ज्या त्या भांडणात नसतातच. सांगलीतल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ मध्ये ठरलं की संध्याकाळी ७ चा भोंगा झाला की टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद, मोठ्यांचेसुद्धा. त्याच वर्षी आमच्या विदर्भातल्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी केली. त्यामागची आई-बापांची काळजी मला समजते. करोनात शाळेसाठी म्हणून हातात दिलेला फोन परत घेणं किती जड गेलं ते घरोघरी माहीत आहे. पण तिन्ही ठरावांत मला वडगावचा जास्त पटतो. ग्रामसभा म्हणजे मतदारयादीतली माणसं. १८ च्या आतल्या मुलांना तिथे हात वर करता येत नाही. ज्यांच्यावर बंदी घालायची ते सभेत नाहीत, आणि जे सभेत आहेत त्यांच्यावर बंदी नाही, हे मला रुचत नाही. पोराच्या हातचा फोन काढून घ्यायचा आणि आपण अंगणात बसून तोच फोन पाहायचा, पोरं हे बरोबर टिपतात.

ठरावाची दुसरी बाजूही मी विसरत नाही. गावानं गावावर बंदी घालणं हे शस्त्र जुनं आहे, आणि ते बहुतेक वेळा दुबळ्यावरच चाललं. पोरींच्या कपड्यांवर, पोरींच्या फोनवर, जातीबाहेरच्या लग्नावर, कोणाच्या पाण्यावर. म्हणूनच महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमचा ठराव मोडला म्हणून कोणाचं किराणा बंद, कोणाशी बोलणं बंद, असं एका माणसानं जरी सुचवलं तरी तो ठराव फाडून टाकावा. बंदी घालायची ती ज्याच्यात त्रास द्यायची ताकद आहे त्याच्यावर: ठरवून वाजवणाऱ्यावर, खुर्चीवरून 'उद्या या' म्हणणाऱ्यावर. ज्याला दुसरी सोय नाही त्याच्यावर नाही.

आणि घाई करायची नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात बहुमतानं निर्णय होत नाहीत, सर्वसहमती होईपर्यंत विषय चालत राहतो. आमचं गाव तिथपर्यंत पोचायला वेळ आहे. पण हात मोजून केलेला ठराव नव्याचे नऊ दिवस टिकतो हे आम्ही प्लास्टिकच्या वेळी पाहिलं. म्हणून यावेळी आधी महिला सभेत, मग वस्त्या-वस्त्यांत, मग चारही ठेलेवाल्यांशी, मग मुख्य सभेत.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी मी तीन विषय लिहून दिले आहेत: पन्नी आणि थुंकणं, लग्नाची वेळ आणि डीजे, कार्यालयातली चिठ्ठी. एसटीच्या फेरीचा अर्ज वेगळा. सचिवांनी विचारलं, लग्नाचा ठराव लागू कधीपासून? मी म्हटलं, वैशाखात माझ्या पुतण्याचं लग्न आहे, तिथून. घरात हे सांगितलं तेव्हा दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोललं नाही. मग मोठ्या जाऊबाईंनी होकार दिला. त्यांच्या माहेरच्या बाया मागच्या लग्नातून उपाशी गेल्या होत्या, ते त्यांच्या मनात होतं. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांचा मुहूर्त धरला आहे, म्हणजे दुपारच्या गाडीनं सगळ्या जेवून परत जातील. वाजंत्री गावातलीच, पारापासून मांडवापर्यंत अर्धा तास. नवरदेवाच्या मामांनी मात्र डीजेवाल्याला इसार दिलेला आहे आणि त्यांना हे अजून कोणी सांगितलेलं नाही. रविवारी मी त्यांच्या गावी जाते आहे.